मिनिटकाकांचं ट्यूना सॅलड

मिनिटकाका हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. कुणीही बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात आलं की ते भिंग डोळ्याला अडकवून आत डोकावत आणि म्हणत, “एकच मिनिट.” त्या एका मिनिटाचे आरामात आठ दिवस व्हायचे. पण घड्याळ एकदा त्यांच्या हातून परत गेलं की दहा वर्षं कुरकुर करत नसे, त्यामुळे माणसंही करत नसत. बेकरी आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये त्यांची ती चिंचोळी जागा होती. दोन गिऱ्हाइकं आत असली तर तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. तिथे त्यांनी अडतीस वर्षं काढली.

मग डोळ्यांनी दगा दिला. आधी एका स्क्रूचे दोन दिसायला लागले, नंतर एकही दिसेना. भिंग बदलून पाहिलं, दिवा बदलून पाहिला, टेबल खिडकीकडे सरकवलं. एक दिवस एका म्हातारीच्या मनगटी घड्याळाचा काटा त्यांच्या चिमट्यात वाकला. आयुष्यात पहिल्यांदाच. काटा त्यांनी बदलून दिला, तिला काही सांगितलं नाही, आणि दुकानाचं शटर ओढून थेट डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, दोन्ही डोळ्यांना. कडेकडेचं दिसत राहील, पण समोर ज्याच्याकडे बघाल नेमकं तेच दिसणार नाही. यावर इलाज नाही, आहे ते टिकवायचं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोकडे टक लावून पाहिलं. चेहऱ्याच्या जागी धुरकट गोळा, आणि बाजूला दोन कान.

“तुझे कान इतके नीट मी आजवर बघितलेच नव्हते,” ते म्हणाले.

ती हसली नाही. त्यांचा हात धरून तिने त्यांना खुर्चीत बसवलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून पुढे चौदा महिने ते त्या खुर्चीतून फारसे उठलेच नाहीत.

काकूंची नोकरी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होती. धुऊन आलेल्या चादरी दिव्यापुढे धरून तपासायच्या, फाटलेल्या शिवायच्या, घड्या घालून वॉर्डावार गठ्ठे करायचे. बाई हाडाची कामसू. नवऱ्याला दिसेनासं झाल्यावर तिने जणू तोही एक वॉर्ड ताब्यात घेतला. सकाळी कपडे काढून ठेवायचे, दाढीचं सामान मांडायचं, चहा हातात द्यायचा, रेडिओ लावून द्यायचा आणि मग कामावर जायचं. दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी यायचं, त्यांना वाढायचं आणि परत पळायचं. सुरुवातीला काकांना हे बरं वाटलं. मग सवय झाली. मग एक दिवस लाज वाटली.

लाज वाटायचं कारण असं, की घड्याळं गेली तरी त्यांच्या डोक्यातलं घड्याळ चालूच होतं. काकूंना सुट्टी पंचेचाळीस मिनिटांची. हॉस्पिटल ते घर बारा मिनिटं, शिवाय तीन मजले चढायचे. परत जायला तेवढीच. उरली एकवीस. त्यात अन्न गरम करायचं, त्यांना वाढायचं, भांडी विसळायची. ती समोर बसून जेवते असं काका इतके दिवस धरून चालले होते. त्या दुपारी लक्ष देऊन ऐकलं तेव्हा कळलं, तिचा आवाज खुर्चीच्या उंचीवरून येतच नाही, वरून येतो. शिवाय नळाच्या दिशेने येतो. बायको बेसिनपाशी उभ्याउभ्या घास कोंबत होती.

“बस की जरा,” ते म्हणाले.

“बसलेच आहे,” काकूंनी उभ्यानेच सांगितलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती लांबच्या शहरात राहायची आणि गेलं वर्षभर एकच तुणतुणं वाजवत होती, की बाबा, दृष्टी गेलेल्यांसाठी एक केंद्र आहे, तिथल्या शिक्षिका घरी येऊन शिकवतात. काका दरवेळी विषय बदलायचे. त्या दिवशी तिने विचारायच्या आधीच ते म्हणाले, “त्या तुझ्या बाईंना सांग, या म्हणावं.”

बाई मंगळवारी सकाळी दहाला आल्या. काकूंनी दार उघडलं, क्षणभर थांबल्या, “या, या” म्हणाल्या आणि कामाला उशीर होतोय म्हणून निघून गेल्या. बाईंचा आवाज तरुण होता, बोलणं खणखणीत.

“काका, मला तुमचं स्वयंपाकघर दाखवा.”

“मी काय दाखवणार? मलाच दिसत नाही.”

“हात लावून दाखवा. मीही लावते.”

काकांना वाटलं, ही शिकवण्याची पद्धत असावी. ते भिंत चाचपत पुढे झाले. ओटा, बेसिन, कपाट, फ्रीज. बाई त्यांच्या मागोमाग प्रत्येक वस्तूला हात लावत होत्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण चमच्यांचा खण डावीकडे की उजवीकडे हे काकांना सांगता आलं नाही. बाईंनी तो दोन मिनिटांत शोधून काढला.

“तुम्हाला काय यावंसं वाटतं?” त्यांनी विचारलं.

“दुपारचं जेवण,” काका म्हणाले. “माझं मला. म्हणजे तिला धावत यायला नको. पण हे तिला इतक्यात सांगू नका. जमलं नाही तर उगाच तोंडघशी पडेन.”

बाईंनी फळीवरचे डबे चाचपले. मग म्हणाल्या, “गॅस नंतर बघू. आधी विस्तव न लागणारं काहीतरी करू. ट्यूना सॅलड आवडतं?”

“ती करते. मी खातो. आत काय असतं ते कधी विचारलं नाही.”

“मग आज विचारा.”

फळीवर डबाबंद ट्यूना होता. त्याच्या शेजारी अननसाच्या चकत्यांचे डबेही होते, त्याच आकाराचे, तेवढेच चपटे. बाईंनी दोन डबे त्यांच्या हातात दिले आणि कानाशी नेऊन हलवायला सांगितलं. अननस पाण्यात डुचमळत होता. ट्यूना मात्र ठोकळ्यासारखा बसला होता, फार तर एखादा थेंब हलल्यासारखा वाटला. काकांनी पुन्हा हलवलं. घड्याळ कानाला लावून नुसत्या टिकटिकीवरून रोग ओळखणारा माणूस तो. डब्याने त्याला काय फसवावं?

“हा ट्यूना,” ते म्हणाले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात दुकानातला रुबाब आला.

मग काटछाट सुरू झाली. बाईंनी सांगितलं, कांदा आधी उभा अर्धा करायचा. अर्धा झाला की सपाट बाजू खाली, म्हणजे तो पळत नाही. डाव्या हाताची बोटं आत मुडपून ठेवायची, सुरीचं पातं बोटांच्या पेरांना घासत खाली आलं पाहिजे. काकडीचंही तसंच. लिंबू कापायच्या आधी ओट्यावर तळव्याखाली लोळवायचं. मेयोनेझ चमच्याने मोजायचं, भरलेल्या चमच्यावरून बोट फिरवायचं आणि जास्तीचं बरणीत परत ढकलायचं. मीठ थेट भांड्यात कधी टाकायचं नाही, आधी तळहातावर घ्यायचं.

“आणि सगळं एका ठिकाणी ठेवायचं,” बाई म्हणाल्या. “ओटा म्हणजे घड्याळ समजा. तुमच्या पुढ्यात सहा. कांदा तीनवर, काकडी...”

“काय समजू?”

“घड्याळ. आमच्यात असंच शिकवतात. ताटात भात बारावर, भाजी चारवर.” त्या थांबल्या. “का? काय झालं?”

काका हसत होते. पोट धरून हसत होते. कुणी घड्याळजीला ओटा घड्याळ समजायला सांगतंय याचं त्यांना हसू येत होतं, आणि ते काही केल्या थांबत नव्हतं. त्यांनी अडतीस वर्षांचा धंदा सांगितला तेव्हा बाईही हसल्या. म्हणाल्या, मुलीने फॉर्मवर फक्त ‘दुकानदार’ लिहिलं होतं.

कांदा चिरून झाला. काकांनी तो बोटांनी चाचपला. “बाई, हा लाल कांदा आहे की पांढरा?”

“ते मला कसं कळणार, काका?”

काका सुरी हातात धरून तसेच उभे राहिले. सगळा तास त्यांच्या डोळ्यांपुढून उलटा सरकला. हात लावून दाखवा. मीही लावते. दारात क्षणभर थांबलेली बायको.

“तुम्हालाही?” त्यांनी हळूच विचारलं.

“जन्मापासून. तुम्हाला कडेचं तरी दिसतं, मला तेही नाही.” बाईंनी ओट्यावरून कांद्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला. “पांढरा असावा. लाल इतका गोड लागत नाही. चला, डबा उघडायचा राहिलाय.”

त्या दिवशी डबा बाईंच्या देखरेखीखाली नीट उघडला. मिसळलेलं सॅलड दोघांनी ब्रेडच्या स्लाइसवर घेऊन खाल्लं. बाईंनी सांगितलं, अजून दोन वेळा माझ्यासमोर करा, मग एकट्याने. पण मिनिटकाकांना बायकोला चकित करायची घाई झाली होती. आयुष्यभर लोकांना आठ-आठ दिवस थांबवणारा माणूस, त्याला स्वतःला दोन दिवस धीर धरवला नाही.

गुरुवारी साडेअकराला ते ओट्याशी उभे राहिले. कांदा झाला, काकडी झाली. डबा हलवून बघितला. ओपनर लावला, किल्ली फिरवली. अर्ध्यावर चाक घसरलं. परत लावलं, परत घसरलं. शेवटी झाकण जेमतेम पाऊण भाग सुटलं, तेव्हा त्यांनी ते अंगठ्याने वर ओढायला घेतलं. झाकण पत्र्याच्या पात्यासारखं फाटकन वर आलं आणि अंगठ्याच्या पेरात शिरलं.

फार दुखलं नाही. ओलं लागलं, ते त्यांना डब्यातलं पाणी वाटलं. डबा भांड्यात उपडा केला, मेयोनेझ घातलं, लिंबू पिळलं. लिंबाने मात्र अंगठा असा झोंबला की ते कळवळले. तेवढ्यात दारात किल्ली वाजली.

काकूंनी जे पाहिलं ते असं: ओट्यावर लाल ठसे, नळावर लाल ठसे, सॅलडात गुलाबी ओघळ, आणि मधोमध नवरा, चेहऱ्यावर लग्नातल्यासारखं हसू.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काकांचा हात नळाखाली धरला, पट्टी बांधली, सॅलड कचऱ्यात टाकलं, ओटा पुसला. ओपनर उचलून फ्रीजच्या वर ठेवला.

“हे परत करायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“अगं, एवढंसं तर कापलंय. शिकताना सगळ्यांनाच...”

“मला दुपारी घरी येऊन रक्त पुसायचं नाही. मी दिवसभर तिथे तेच धुतलेलं बघते.”

“तू दुपारी येऊच नयेस म्हणून तर करत होतो.”

काकूंचा पुसता हात थांबला. फडक्यातून पाणी टपकत राहिलं.

“म्हणजे? मी यायला नको तुम्हाला?”

“तू यावीस. पण अशी नको. तू बेसिनपाशी उभी राहून जेवतेस. बारा मिनिटं धावत येतेस, बारा मिनिटं धावत जातेस. येताना तुझा श्वास दुसऱ्या मजल्यापासून मला ऐकू येतो. मी खुर्चीत बसून तेच मोजत असतो. मला दुसरं काम काय आहे?”

काकू खुर्चीवर बसल्या. या वेळी खरोखरच बसल्या, कारण आवाज खालून आला.

“मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बसलेच आहे.”

काकू उठल्या. त्यांनी दोन स्लाइस कापल्या, चीज ठेवलं, आणि दोघं समोरासमोर बसून जेवले. निघताना त्या दारात थांबल्या. “अंगठा बरा होईपर्यंत तरी नको,” त्या म्हणाल्या. नकाराला मुदत आली होती. मिनिटकाकांनी तेवढं बरोबर ऐकलं.

पुढचे चार दिवस त्यांनी ओपनरचा विचार केला. अंगठ्याला पट्टी होती, पण बाकी नऊ बोटं मोकळी होती. पहिल्याच दिवशी स्टूल न घेता, टाचा उंचावून त्यांनी ओपनर फ्रीजवरून काढला आणि खिडकीपाशी मांडीवर घेऊन बसले.

स्वयंपाकघरात बारा-पंधरा वर्षं असलेलं साधं अवजार ते. दोन दांडे, एक किल्ली, एक दातेरी चाक, एक कापणारं चाक. काकांनी नखाने एकेक दात मोजला. बावीस. एकही तुटलेला नव्हता, मग घसरतं का? त्यांनी किल्ली सावकाश फिरवली आणि बोटाचं टोक चाकावर ठेवलं. कळलं. कापणाऱ्या चाकाचा आस झिजला होता. चाक केसभर डुगडुगत होतं, आणि जोर आला की बाहेर कलत होतं. दाते पत्रा सोडत होते ते त्याचमुळे.

असली केसभराची दुखणी त्यांनी अडतीस वर्षं बरी केली होती.

दुकानातलं सामान विकताना एक लाकडी पेटी त्यांनी मागे ठेवली होती. कपाटाच्या तळाशी, जुन्या कोटांच्या मागे. चौदा महिन्यांत तिला हात लावला नव्हता, लावावासा वाटला नव्हता. आता ती त्यांनी ओढून बाहेर काढली. आत एका कप्प्यात पितळेच्या पातळ चकत्या होत्या, कागदाइतक्या पातळ. दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दोन बोटांच्या चिमटीत धरून जाडी ओळखायची. ती बोटांना कळत होती. काका बराच वेळ त्या चकत्या नुसत्या हातात घेऊन बसले. डोळे गेले म्हणजे सगळंच गेलं असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि इथे बोटं मुकाट आपलं काम करत होती, कुणी विचारलं नाही म्हणून बोलली नव्हती इतकंच.

चौथी चकती बरोबर बसली. चाकाचं डुगडुगणं थांबलं. पण काकांचं समाधान झालं नाही. घसरणं थांबलं तरी झाकणाची धार राहणारच होती, कारण चाक वरून कापत होतं. त्यांनी ओपनर आडवा धरून बघितला. वरून लावण्याऐवजी डब्याच्या बाजूने, काठाच्या खाली लावला तर? रिकामा डबा नव्हता, म्हणून अननसाचा घेतला. किल्ली फिरवली. आवाज वेगळा आला, जरा खोल. पूर्ण फेरा झाला आणि काठासकट अख्खं झाकण डब्यावरून टोपी काढावी तसं निघून आलं. काकांनी श्वास रोखून कडेवरून बोट फिरवलं. बोथट. परत फिरवलं. बोट शाबूत.

दुपारी काकू आल्या तेव्हा त्यांना वाटीत अननस मिळाला.

“हे कुणी उघडलं?”

“हात दे इकडे.” त्यांनी तिचं बोट धरून झाकणाच्या कडेवरून फिरवलं. काकूंनी ते एकदा फिरवू दिलं, मग स्वतःहून दुसऱ्यांदा फिरवलं. चादरीची शिवण तपासताना फिरवायच्या तसं.

“उद्या माझ्यासमोर करा,” त्या म्हणाल्या. “मी मध्ये बोलणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बाई दहालाच आल्या होत्या आणि मुद्दाम जेवायच्या वेळेपर्यंत थांबल्या. काकूही आल्या. मिनिटकाका ओट्याशी उभे, मागे दोन बायका, एकीला दिसत नव्हतं आणि एकीला बघवत नव्हतं. काकूंनी शब्द पाळला, पण सुरी खाली आली की त्या श्वास आत ओढायच्या. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, “एवढी हवा आत घेतलीस तर आम्हाला उरायची नाही.” बाई खुदकन हसल्या. काकू गुपचूप खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या.

डब्याच्या वेळी काकांनी शेवटचं बोटभर अंतर न कापता ठेवलं. झाकण तेवढ्यावर लटकलं असताना डबा बेसिनवर तिरका धरला, आणि पाणी सगळं निथळू दिलं. मग उरलेलं कापलं. “हे मी नव्हतं शिकवलं,” बाई म्हणाल्या. त्यांनी ओपनर मागून घेतला, आडवा धरून दोन-तीनदा किल्ली फिरवली आणि चाकावर बोट टेकवून पाहिलं.

ट्यूना काट्याने मोकळा केला. कांदा, काकडी, दोन चमचे मेयोनेझ, अर्धं लिंबू, मिरपूड. मीठ तळहातावर. काकांनी चव घेतली, पुन्हा चिमूटभर मीठ घातलं. तिघं टेबलाशी बसले. काकूंनी पहिला घास घेतला.

“कांदा जाड झालाय,” त्या म्हणाल्या.

“उद्या बारीक करतो.”

“आणि मीठ माझ्यापेक्षा बरोबर पडलंय.” हे त्या ताटाकडे बघून म्हणाल्या की काकांकडे, हे काकांना दिसलं नाही. पण आवाज त्यांच्याच दिशेने आला होता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी काकू पहिल्यांदा दुपारी घरी आल्या नाहीत. मिनिटकाकांनी बाराला सॅलड केलं, ब्रेडवर घेतलं, खाल्लं, ताट धुतलं. एकदा काकडीचा तुकडा खाली पडला, तो त्यांनी पायाने शोधला. बाकी काही घडलं नाही. काही न घडणं इतकं मोठं असू शकतं हे त्यांना नव्याने कळत होतं. जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसले नाहीत. जिना उतरून जुन्या दुकानाशेजारच्या बेकरीपर्यंत गेले, कठड्याला धरून, पायऱ्या मोजत. बेकरीवाला त्यांना बघून बाहेर आला.

“मिनिटकाका? किती दिवसांनी.”

“ब्रेड संपत आलाय,” काका म्हणाले. “मी रोज एका माणसाला जेवू घालतो हल्ली.”

काकूंची गोष्ट मात्र वेगळी झाली. ती त्यांनी रविवारी सांगितली, कपड्यांच्या घड्या घालता घालता. शुक्रवारी सुट्टीची घंटा झाली आणि त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळले. अर्ध्या रस्त्यात आल्यावर आठवलं की आज जायचं नाहीये. मग रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मागे जावं की पुढे जावं, काही कळेना.

“मला वाटलं मी सुटले म्हणून आनंद होईल,” त्या म्हणाल्या. “आणि मला रडूच आलं. त्या तिथे, बसथांब्यावर. एक बाई विचारायला लागली, काय झालं. तिला काय सांगू? नवऱ्याने स्वतःचं जेवण केलं म्हणून रडते?”

काकांनी हातातली घडी बाजूला ठेवली. “तुला नको असेल तर परत येत जा.”

“नको. ते नको.” त्यांनी पुढचा कपडा घडीला घेतला. “वर्ष-सव्वा वर्ष मी फक्त एकच ठरवलं होतं, की तुम्हाला काही होऊ द्यायचं नाही. म्हणून काही करूही दिलं नाही. मी परत गेले तेव्हा धुलाईतल्या सगळ्याजणी मागच्या पायऱ्यांवर उन्हात डबे घेऊन बसल्या होत्या. मला बघून सरकल्या. मी पंचवीस मिनिटं बसले. शिवणवाली सांगत होती, दर बुधवारी त्या सुट्टीत पोहायला जातात, हॉस्पिटलच्या मागच्या तलावावर. मला म्हणाल्या, येतेस का.”

“तुला पोहता कुठे येतं?”

“तुम्हाला तरी कांदा कुठे चिरता येत होता?”

दरम्यान बाईंनी ओपनरची बातमी केंद्रात पोचवली होती. पुढच्या मंगळवारी त्या एकट्या आल्या नाहीत, पिशवी घेऊन आल्या. पिशवीत अकरा ओपनर होते, केंद्रात शिकणाऱ्यांच्या घरचे. कुणाचं चाक डुगडुगत होतं, कुणाची किल्ली अडकत होती, एक तर गंजून मुका झाला होता. काकांनी ते एकेक करून टेबलावर लावले.

“कधी होतील?” बाईंनी विचारलं.

“पुढच्या मंगळवारी घेऊन जा,” मिनिटकाका म्हणाले. खरोखर मंगळवारी तयार होते, आणि बेकरीवाल्याला ही गोष्ट पटवायला फार कष्ट पडले.

नंतरच्या शनिवारी ते ओपनर घेऊन स्वतःच केंद्रात गेले. मंगळवारी बाईंनी ते नेले नव्हते, तुम्हीच घेऊन या म्हणाल्या होत्या. तिथे एका लांब टेबलाशी पाच जण बसले होते. त्यात एक निवृत्त बसचालक होता, तो हाताची घडी घालून मागे रेलून बसला होता, आणि हे बायकांचं काम आहे असं दोनदा म्हणाला होता. मिनिटकाकांनी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली. वाद घातला नाही. त्याच्या हातात ओपनर आणि डबा दिला आणि सांगितलं, आडवा धरा, किल्ली तुमच्या उजव्या हाताला आहे, सावकाश, घाटातलं वळण घेतल्यासारखं.

बसचालकाने हाताची घडी सोडली. किल्ली फिरली. झाकण सुटलं तेव्हा त्याने ते लगेच टेबलावर ठेवलं नाही, कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“आता पाणी गाळा,” काका म्हणाले. “आणि कांदा घ्या. तो रडवेल, पण त्याला दिसणं-न दिसणं काही कळत नाही, सगळ्यांना सारखंच रडवतो.”

टेबलाच्या पलीकडून बाईंनी सांगितलं की पुढच्या वेळी सगळे मिळून अंडी उकडू, आता गॅसची ओळख करून घ्यायला हरकत नाही. बसचालक कांद्याचं साल ओढत होता. ते निघत नव्हतं, म्हणून त्याने नखाने परत सुरुवात केली.